इटरेटरमधील दोष आणि दुरुस्तीची किंमत

१. प्रश्न

जावा शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न पडतो. यादीतील नावे एकेक करून वाचत असताना त्याच यादीतून एखादे नाव काढून टाकले, तर प्रोग्रॅम कधी मध्येच एरर देऊन थांबतो आणि कधी काहीच घडले नसल्यासारखा शेवटपर्यंत जातो, असे का? थोडा अनुभव आल्यावर याच प्रश्नाला दुसरा आणि अधिक टोकदार प्रश्न चिकटतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत इतकी उघड विसंगती असेल, तर ती लिहिणाऱ्यांनी ती सरळ दुरुस्त का केली नाही?

दोष कळला नाही म्हणून किंवा दुरुस्ती जमत नाही म्हणून तो राहिला, असे नाही. प्रत्येक दुरुस्तीला किंमत असते. ती किंमत कोणी, किती वेळा आणि कशाच्या बदल्यात मोजायची, हे ठरवावे लागते. एखाद्या कार्यालयाच्या खासगी प्रोग्रॅममध्ये एक जादा तपासणी घातली, तर तिचा भार त्या कार्यालयापुरता राहतो. जावाच्या मूळ लायब्ररीतील ‘पुढची वस्तू दे’ या कामात तीच तपासणी घातली, तर यादीवरून फिरणारा प्रत्येक प्रोग्रॅम प्रत्येक पावलाला तिचा भार उचलतो, आणि त्यांतील फार मोठा भाग असा असतो की ज्याने मुळात चूक केलेलीच नसते. शुद्धता आणि वेग यांच्यातील हा हिशेब इटरेटर या छोट्याशा घटकात जितका स्वच्छ दिसतो, तितका तो क्वचितच इतरत्र दिसेल.

२. रांग आणि स्वयंसेवक

जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून वस्तूंचा समूह ठेवण्यासाठी वेक्टर आणि हॅशटेबल हे दोन प्रकार होते. १९९८ साली आलेल्या जावा १.२ मध्ये जोशुआ ब्लॉक यांच्या आराखड्यानुसार ‘कलेक्शन्स’ ही संपूर्ण व्यवस्था आली आणि तिच्याबरोबर इटरेटर आला. समूहातील वस्तू एकापाठोपाठ एक हातात देणारा मदतनीस, इतकाच इटरेटरचा अर्थ आहे. त्याला मुख्यतः तीन कामे येतात: ‘हॅजनेक्स्ट’ म्हणजे पुढे कोणी आहे का ते सांगणे, ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढची वस्तू देणे, आणि ‘रिमूव्ह’ म्हणजे नुकतीच दिलेली वस्तू समूहातून काढणे. २००४ साली जावा ५ मध्ये ‘फॉर’ लूपचे सुटसुटीत रूप आले आणि तेव्हापासून इटरेटर पडद्याआड गेला. लूप लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, पण काम तोच करतो.

देवळातील दर्शनाच्या रांगेत प्रसादाचे टोकन वाटत जाणारा एक स्वयंसेवक डोळ्यांसमोर आणावा. तो माणसांचे चेहरे लक्षात ठेवत नाही; ‘आता पाचव्या जागेवर जायचे’ एवढाच आकडा तो मनात धरतो. चौथ्या माणसाला टोकन देऊन झाल्यावर तोच माणूस रांग सोडून गेला, तर मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, पाचवा माणूस चौथ्या जागेवर येतो, आणि स्वयंसेवक ठरल्याप्रमाणे पाचव्या जागेकडे गेल्यामुळे मूळचा पाचवा माणूस टोकनावाचून राहतो. जावातील सर्वाधिक वापरली जाणारी यादी, म्हणजे अ‍ॅरेलिस्ट, नेमकी अशीच वागते. तिच्यातील वस्तू सलग कप्प्यांत असतात, मधली काढली की मागच्या सर्व पुढे सरकतात, आणि इटरेटरजवळ ‘कर्सर’ नावाचा एक आकडा असतो, जो पुढच्या जागेची खूण असतो.

वगळलेल्या माणसाविषयी कोणाला काही कळत नाही, हा या दोषाचा सर्वांत वाईट भाग. हिशेब चुकतो, पण आवाज होत नाही.

३. खडूने लिहिलेला आकडा

या मूक चुकीला आवाज देण्यासाठी लायब्ररीने एक साधी युक्ती योजली. रांगेच्या तोंडाशी एक फळा आहे आणि रांगेत कोणी शिरले किंवा बाहेर पडले की फळ्यावरचा आकडा एकाने वाढवायचा, असा नियम आहे, असे समजावे. स्वयंसेवक काम सुरू करताना तो आकडा टिपून घेतो आणि प्रत्येक टोकन देण्यापूर्वी फळ्याकडे पाहतो. आकडा बदललेला दिसला, की तो काम थांबवून ओरडून सांगतो की रांग हलली आहे. अ‍ॅरेलिस्टमधील या आकड्याचे नाव ‘मॉडकाउंट’, आणि ओरडण्याचे नाव ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’. एक्सेप्शन म्हणजे नेहमीचा क्रम तोडून वर पोहोचवलेली चुकीची वर्दी. असे चटकन थांबणाऱ्या इटरेटरला ‘फेल-फास्ट’ म्हणतात. बदल स्वतः इटरेटरच्या ‘रिमूव्ह’मार्फत केला, तर तो आपला टिपलेला आकडा आणि कर्सर दोन्ही जुळवून घेतो, म्हणून तो मार्ग सुरक्षित असतो.

मग कधी एरर येते आणि कधी येत नाही, असे का? एका छोट्या उदाहरणात याचे उत्तर मिळते. यादीत पाच नावे आहेत: अनंत, बेला, चंदू, दीपा आणि ईशा. कर्सर शून्यापासून मोजला जातो, म्हणजे दोन नावे देऊन झाल्यावर तो २ असतो. लूपमध्ये बेला हातात असताना यादीतून थेट बेलाला काढले, तर कर्सर २ आणि यादीची लांबी ४ होते. ‘हॅजनेक्स्ट’ फक्त एवढेच पाहतो की कर्सर आणि लांबी वेगवेगळे आहेत का. २ आणि ४ वेगळे असल्याने तो ‘आहे’ म्हणतो, ‘नेक्स्ट’ फळ्याकडे पाहतो आणि एरर येते. आता हाच प्रयोग दीपावर करावा. दीपा हातात असताना कर्सर ४ असतो, तिला काढल्यावर लांबीही ४ होते, दोन्ही समान दिसल्यामुळे ‘हॅजनेक्स्ट’ ‘कोणी नाही’ असे सांगतो आणि लूप शांतपणे संपतो. फळ्याकडे पाहणारा ‘नेक्स्ट’ बोलावलाच जात नाही. ईशाचे नाव वाचलेच गेले नाही, आणि त्याची वर्दीही कोणाला मिळाली नाही. शेवटच्या ईशाला काढले तर कर्सर ५ आणि लांबी ४, म्हणजे पुन्हा वेगळे, म्हणून पुन्हा एरर. शेवटून दुसरी जागा एवढीच ती फट.

४. फट बुजवावी का

दुरुस्ती एका ओळीची आहे: ‘हॅजनेक्स्ट’नेही फळ्याकडे पाहावे. असे केले तर शेवटून दुसऱ्या जागेची फट बंद होते. किंमत अशी की दहा लाख वस्तूंच्या यादीवरून एक फेरी मारताना दहा लाख जादा तुलना होतील. आजच्या प्रोसेसरला अशी तुलना अत्यंत स्वस्त पडते, कारण तिचे उत्तर नेहमी एकच येत असल्याने प्रोसेसर ते आधीच धरून चालतो. पण किंमत केवळ वेळेची नसते. ज्या प्रोग्रॅमांत ही चूक वर्षानुवर्षे आहे आणि शेवटची वस्तू सुटल्याने कोणाचे काही बिघडलेले नाही, ते नव्या आवृत्तीवर आणताच कोसळू लागतील. शिवाय ‘पुढे कोणी आहे का’ या निरुपद्रवी प्रश्नाला एररचे उत्तर मिळू लागेल, आणि तशी अपेक्षा ठेवून कोणीच कोड लिहिलेला नसतो. लायब्ररीच्या अधिकृत वर्णनात फेल-फास्ट वागणुकीची हमी दिलेली नाही. ती शक्य तितक्या प्रयत्नाने पुरवली जाते आणि चुका शोधण्यापुरताच तिचा आधार घ्यावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. सुरक्षेचे कुंपण म्हणून नव्हे, तर धोक्याची घंटा म्हणून ही सोय आहे. घंटा शंभरातील प्रत्येक वेळी वाजलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर तिची किंमत कुंपणाइतकी होते.

असे असले तरी जिथे सुधारणा फुकट मिळते, तिथे ती घेतलीच पाहिजे. ‘हॅजनेक्स्ट’मध्ये ‘कर्सर लांबीपेक्षा लहान आहे का’ असे विचारणे अधिक स्वाभाविक वाटते. तरीही तिथे ‘कर्सर लांबीहून वेगळा आहे का’ असे विचारलेले आहे. प्रोसेसरच्या दृष्टीने दोन्ही प्रश्नांना सारखाच वेळ लागतो. पण वरच्या उदाहरणात ईशाला काढल्यावर पहिल्या प्रश्नाने लूप गुपचूप संपला असता आणि दुसऱ्या प्रश्नाने एरर येते. एकही जादा सूचना न वाढवता अधिक चुका पकडल्या जातात. चिन्हाच्या निवडीइतक्या बारीक जागीही विचार केलेला दिसतो.

वेक्टर या जुन्या यादीत याच हिशेबाची उलट बाजू दिसते. वेक्टर एकाच वेळी अनेक थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या धाग्यांनी, वापरता यावा म्हणून त्याची कामे कुलूप लावून होतात. त्याच्या इटरेटरचा ‘नेक्स्ट’ कुलूप घेतो, पण ‘हॅजनेक्स्ट’ मुद्दाम घेत नाही. तिथे लिहिलेली टीप सांगते की हे उत्तर शर्यतीत चुकू शकते, पण खरी तपासणी पुढे ‘नेक्स्ट’मध्ये कुलपाआड होणारच असल्याने नियम मोडत नाही. जे उत्तर मिळताक्षणी शिळे होऊ शकते, त्याच्यासाठी कुलूप लावण्यात अर्थ नाही, हा त्यामागचा विचार अगदी योग्य आहे.

हॅशमॅप या किल्ली-मूल्याच्या जोड्या ठेवणाऱ्या समूहात एकदा याच्या विरुद्ध दिशेची चूक झाली होती आणि नंतर ती मागे घ्यावी लागली. जावा ६ पर्यंत हॅशमॅपचा मॉडकाउंट ‘व्होलटाइल’ होता. एका थ्रेडने लिहिलेला आकडा दुसऱ्याला ताबडतोब दिसलाच पाहिजे, अशी सक्ती त्या शब्दाने होते, आणि त्यासाठी प्रोसेसरला आपल्या नेहमीच्या झटपट वाटा सोडाव्या लागतात; विशेषतः प्रत्येक लिखाण महाग होते. हॅशमॅप मुळातच कुलपाशिवाय अनेक थ्रेडना वापरण्यासाठी नाही, त्यामुळे ही सक्ती करूनही कोणतीही हमी पदरात पडत नव्हती. जावा ७ मध्ये तो शब्द काढून टाकला. वेगासाठी शुद्धता सोडली, असे याला म्हणता येणार नाही. ज्या किमतीच्या बदल्यात काहीच मिळत नव्हते, ती किंमत मोजणे थांबवले.

५. एकच पाटी पुन्हा पुन्हा

आतापर्यंतच्या उदाहरणांत चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची होती आणि लायब्ररीने ती किती पकडावी एवढाच वाद होता. पुढच्या प्रकरणात वेगाच्या मोहापायी लायब्ररीच चुकली, आणि म्हणूनच ते सविस्तर पाहण्याजोगे आहे.

मॅप म्हणजे जोड्यांची वही: डावीकडे किल्ली, उजवीकडे तिचे मूल्य. अशा वहीवरून फिरताना इटरेटर प्रत्येक वेळी एक जोडी देतो, तिला ‘एंट्री’ म्हणतात. हॅशमॅपच्या पोटात जोड्या मुळातच स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवलेल्या असतात, म्हणून तीच वस्तू हातात ठेवली की काम भागते. पण आयडेंटिटीहॅशमॅप (जावा १.४, २००२) आणि एनममॅप (जावा ५, २००४) यांच्या पोटात जोड्या नसतातच. पहिला किल्ली आणि मूल्य कप्प्यांच्या एकाच लांबलचक रांगेत शेजारी शेजारी ठेवतो. दुसऱ्यात किल्ल्या ठरीव असतात, जसे आठवड्याचे वार, म्हणून तो नुसती मूल्यांची रांग ठेवतो. मग एंट्री आणायची कोठून? प्रत्येक पावलाला नवी वस्तू बनवणे लेखकांना उधळपट्टी वाटली. त्यांनी इटरेटरलाच एंट्री म्हणून पुढे केले: ‘नेक्स्ट’ बोलावला की इटरेटर आपला आतला आकडा पुढे सरकवी आणि स्वतःलाच परत देई. एकही नवी वस्तू नाही, कचरा नाही.

वर्गात एकच पाटी आहे आणि शिक्षिका तिच्यावर एकामागून एक शब्द लिहून दाखवतात, असा हा प्रकार. जो शब्द वाचून लगेच वहीत उतरवतो, त्याचे काही बिघडत नाही. ‘ही पाटी मला आवडली, बाजूला ठेवतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी भलताच शब्द उरतो, कारण पाटी तीच, फक्त तिच्यावरचे पुसून दुसरे लिहिलेले.

एका दुकानाची विक्री एनममॅपमध्ये ठेवली आहे असे धरावे: सोमवार १२०, मंगळवार १४०, बुधवार ९५. सर्वाधिक विक्रीचा वार शोधायचा आहे. रीत सर्वांना ठाऊक आहे: पहिली एंट्री ‘उत्तम’ म्हणून बाजूला ठेवायची, पुढची प्रत्येक एंट्री तिच्याशी ताडून पाहायची, मोठी असेल तर तिला ‘उत्तम’ करायचे. जावा ६ मध्ये सोमवारची एंट्री ‘उत्तम’ झाली. मंगळवारी तीच वस्तू आता मंगळवार दाखवू लागली, म्हणून तुलना १४० ची १४० शी झाली, मोठी नाही. बुधवारी ९५ ची ९५ शी झाली, मोठी नाही. लूप संपल्यावर ‘उत्तम’ला वार विचारला तर उत्तर येते बुधवार, ९५, म्हणजे तिघांतील सर्वांत कमी. कोडमध्ये एकही ओळ चुकीची नाही, एकही एक्सेप्शन नाही, आणि उत्तर पूर्णपणे उलटे.

या वागणुकीचा बचाव करायचा तर एक आधार होता: एंट्री केवळ फेरी चालू असेपर्यंतच वैध असते, असे अधिकृत वर्णनात म्हटलेले होते. पण वरच्या उदाहरणात फेरी चालू असतानाच तुलना चुकली, त्यामुळे तो बचाव टिकत नाही. त्यात भर म्हणजे वागणूक एकसारखीही नव्हती. सर्व एंट्री एका झटक्यात अ‍ॅरेलिस्टमध्ये ओतल्या तर त्या स्वतंत्र आणि बरोबर येत, कारण त्या वाटेवर प्रत्येक जोडीची वेगळी प्रत काढली जाई. त्याच एंट्री हॅशसेटमध्ये ओतल्या तर सगळीकडे शेवटचीच जोडी दिसे. हेतू तोच, पण वाट बदलताच निकाल बदले. फाइंडबग्ज नावाच्या चूक शोधणाऱ्या साधनात या सवयीविरुद्ध खास इशारे होते.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. पहिला, काही न बदलता वर्णनात कडक ताकीद लिहायची. फुकट, पण चूक जिथल्या तिथे. दुसरा, प्रत्येक पावलाला किल्ली आणि मूल्य यांची सुटी प्रत द्यायची. हा सोपा आहे, पण एंट्रीवर नवे मूल्य लिहिले की ते मूळ मॅपमध्येही जावे, असे वचन आहे आणि सुटी प्रत ते मोडते. म्हणजे एक दोष काढताना दुसरा आत येणार. तिसरा मार्ग, प्रत्येक पावलाला एक छोटी नवी एंट्री द्यायची, जिच्यात प्रत नसून फक्त जागेचा आकडा आणि मूळ मॅपपर्यंतचा दुवा असेल. जावा ७ मध्ये (२०११) हा तिसरा मार्ग निवडला गेला. त्यात एक बारकावाही आहे: फेरीत एखादी जोडी काढून टाकली, की तिच्या एंट्रीतील आकडा उणे एक केला जातो, आणि नंतर कोणी त्या एंट्रीला मूल्य विचारलेच तर ती शेजारच्या कप्प्यातील भलते मूल्य देत नाही, एंट्री काढलेली आहे असे एक्सेप्शन देते. मूक चुकीच्या जागी बोलकी चूक आली.

किंमत किती? नेहमीच्या ६४ बिटांच्या मांडणीत अशी एंट्री साधारण २४ बाइट घेते: वस्तूचा मथळा १२, आकडा ४, दुवा ४, आणि आठच्या पटीत बसवण्यासाठी ४ रिकामे. वारांच्या एनममॅपवरून एक फेरी म्हणजे ७ गुणिले २४, १६८ बाइट. ही चिंता करण्याजोगी रक्कम नव्हे. दहा लाख जोड्यांच्या आयडेंटिटीहॅशमॅपवर मात्र तीच रक्कम २ कोटी ४० लाख बाइटांवर जाते, आणि तिथे प्रश्न विचारणे रास्त ठरते. परंतु हा कचरा क्षणभंगुर असतो. आधुनिक जावामध्ये नवी वस्तू बनवणे म्हणजे मोकळ्या जागेचा दर्शक थोडा पुढे सरकवणे, आणि तरुण वस्तूंची सफाई करणारी यंत्रणा जिवंत राहिलेल्यांना उचलून बाजूला ठेवते, मेलेल्यांना हातही लावत नाही. शिवाय एंट्री लूपबाहेर जात नाही हे कंपायलरला ओळखता आले, तर तो वस्तू बनवतच नाही, तिचे आकडे थेट प्रोसेसरच्या हाताशी ठेवतो. ज्याला फक्त किल्ल्या किंवा फक्त मूल्ये हवीत, त्याच्या वाटेवर एंट्री येतच नाही, म्हणून त्याला काहीच भुर्दंड नाही.

२००२ साली जी काटकसर शहाणपणाची वाटली असेल, ती २०११ पर्यंत जवळजवळ निरर्थक झाली होती, कारण खालची यंत्रणा बदलली होती. वेगासाठी स्वीकारलेल्या प्रत्येक विचित्रपणाकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिलेच पाहिजे: ज्या खर्चाच्या भीतीने तो स्वीकारला, तो खर्च अजून शिल्लक आहे का?

६. क्वचितच्या वाटेवर ओझे

चांगल्या दुरुस्तीत भार बहुतेकदा क्वचित वापरल्या जाणाऱ्या वाटेवर ढकललेला असतो. आयडेंटिटीहॅशमॅपमध्येच याचा सुंदर नमुना आहे. त्याच्या कप्प्यांच्या रांगेत एखाद्या किल्लीची ठरलेली जागा भरलेली असेल, तर ती पुढच्या मोकळ्या जागी बसते, आणि रांग संपली की पुन्हा सुरुवातीला येऊन जागा शोधते. नाट्यगृहात आपल्या खुर्चीवर कोणी बसलेले पाहून शेजारच्या खुर्चीत बसावे, तसेच. एक जोडी काढली की मागे सरकून बसलेल्यांना पुन्हा आपापल्या जागांकडे आणावे लागते, नाहीतर पुढचे शोध चुकतात. अडचण अशी की शेवटच्या भागात एक जोडी काढल्यावर सुरुवातीला बसलेली, म्हणजे इटरेटरने आधीच दाखवलेली जोडी शेवटच्या भागात येऊ शकते, आणि मग ती दुसऱ्यांदा दाखवली जाईल.

सरधोपट उपाय म्हणजे फेरी सुरू करतानाच सगळ्या रांगेची प्रत काढणे. तसे केले असते तर काहीही न काढणाऱ्या फेऱ्यांनीही प्रतीचा खर्च सोसला असता. प्रत्यक्षात इटरेटर मूळ रांगेवरूनच फिरतो, आणि काढताना आधी पाहिलेली जोडी न पाहिलेल्या जागी येणार असे दिसते, त्याच क्षणी उरलेल्या भागाची प्रत काढून पुढे तिच्यावरून चालतो. त्या प्रतीत रिकामी जागा चुकीच्या ठिकाणी राहते, पण त्या प्रतीत कोणी शोध घेणार नसल्याने बिघडत नाही. दोष पूर्ण गेला, आणि किंमत फक्त त्याच्याच वाट्याला आली ज्याच्यामुळे ती उद्भवली.

वीकहॅशमॅपमध्ये किंमत याहून लहान आहे. त्यातील किल्लीला बाहेर कोणी धरून ठेवलेले नसेल, तर सफाई यंत्रणा तिला केव्हाही नाहीशी करू शकते. ‘हॅजनेक्स्ट’ने ‘आहे’ म्हटल्यावर आणि ‘नेक्स्ट’ येण्यापूर्वी किल्ली गेली, तर दिलेला शब्द खोटा ठरेल. म्हणून इटरेटर पुढच्या किल्लीला स्वतः घट्ट धरून ठेवतो. एका दुव्याएवढी जागा, आणि वचन पाळले जाते.

काही दुरुस्त्यांना तर फक्त क्रम बदलावा लागतो. यादीच्या शेवटी ‘नेक्स्ट’ने एक्सेप्शन दिल्यावरही त्याआधी दिलेली वस्तू ‘रिमूव्ह’ने काढता आली पाहिजे. इटरेटरने आधी कर्सर हलवून मग वस्तू शोधली, तर एक्सेप्शन येईपर्यंत त्याच्या खुणा बिघडलेल्या असतात. म्हणून आधी कर्सर एका स्थानिक चलात घ्यायचा, वस्तू मिळाल्याची खात्री करायची, आणि मगच खुणा बदलायच्या. अ‍ॅरेलिस्टचा आजचा ‘नेक्स्ट’ याच क्रमाने लिहिलेला आहे, आणि स्थानिक चल वापरल्याने तो हळू तर होतच नाही, उलट मेमरीच्या फेऱ्या वाचतात.

७. अंदाज आणि मोजमाप

इतक्या वेळा ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ म्हटल्यावर ते कळते कसे, हे सांगणे आवश्यक आहे. जावाचा प्रोग्रॅम चालू असताना हॉटस्पॉट ही यंत्रणा वारंवार चालणारे तुकडे ओळखून ते यंत्रभाषेत नव्याने लिहिते. तिची सर्वांत परिणामकारक युक्ती म्हणजे लहान मेथड जिथून बोलावली जाते तिथेच तिचा मजकूर उतरवणे, म्हणजे ये-जा वाचते. नेहमीच्या मर्यादेत ३५ बाइटपर्यंतची मेथड अशी उतरते, फार वापरातली असेल तर ३२५ बाइटपर्यंत. म्हणून ‘नेक्स्ट’मध्ये एक तुलना वाढवली तर तुलनेचा वेळ जाणवणारही नाही, पण एररचा संदेश तयार करणाऱ्या चार ओळी तिथेच लिहिल्या तर मेथड मर्यादेबाहेर जाऊन सगळी फेरी मंदावू शकते. मॉडकाउंटची तपासणी एका वेगळ्या छोट्या मेथडमध्ये ठेवण्याचा हा एक फायदा आहे.

अशा गोष्टी घड्याळ लावून साध्या लूपने मोजल्या तर आकडे हमखास फसवतात: सुरुवातीच्या फेऱ्या अजून नव्याने लिहिल्या गेलेल्या नसतात, आणि निकाल कुठे वापरला नाही असे दिसले तर कंपायलर सगळे कामच गाळून टाकतो. ओपनजेडीकेचे जेएमएच हे साधन आधी यंत्रणा तापवून, निकाल गाळला जाणार नाही याची काळजी घेऊन मोजते. त्याच्याशिवाय केलेला ‘ही दुरुस्ती महाग पडेल’ हा दावा मनावर घेऊ नये, आणि ‘काही फरक पडत नाही’ हा दावाही नाही.

८. तपासणी कमी करून अधिक मिळवणे

जावा ८ मध्ये (२०१४) याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. लूप प्रोग्रॅमरने लिहिण्याऐवजी ‘प्रत्येकावर हे काम कर’ असे समूहालाच सांगता येऊ लागले. लूप लायब्ररीच्या हाती आल्यावर फळ्याकडे केव्हा पाहायचे हेही तिला ठरवता येते. हॅशमॅपचे ‘फॉरइच’ सगळे काम उरकून शेवटी एकदाच आकडा ताडते. त्यात वेग मिळतो, पण चूक उशिरा कळते, तोवर काम अनेक वस्तूंवर होऊन गेलेले असते. अ‍ॅरेलिस्टचे ‘फॉरइच’ मात्र प्रत्येक पावलाला पाहते. दोन्ही निवडी नियमात बसतात, आणि कोणती कुठे हे ठाऊक असलेल्यालाच त्यांच्यातील फरकाचा फायदा घेता येतो.

सर्वांत मोठी कमाई ‘रिमूव्हइफ’मध्ये आहे. एक लाख वस्तूंच्या अ‍ॅरेलिस्टमधून पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक पन्नास हजार वस्तू इटरेटरच्या ‘रिमूव्ह’ने काढल्या, तर पहिल्या वेळी ९९,९९९ वस्तू पुढे सरकतात, दुसऱ्या वेळी ९९,९९७, आणि असे शेवटपर्यंत. बेरीज २५० कोटी सरकवण्यांची होते. रीत पूर्णपणे शुद्ध असूनही वेळ हाताबाहेर जातो. ‘रिमूव्हइफ’ हेच काम दोन फेऱ्यांत करते: पहिल्या फेरीत फक्त कोण जाणार याच्या खुणा करते, दुसरीत उरलेल्यांना प्रत्येकी एकदाच आपल्या जागी आणते. म्हणजे एक लाख तपासण्या आणि जास्तीत जास्त पन्नास हजार सरकवण्या.

खुणा करत असतानाच सरकवतही गेले असते तर एक फेरी वाचली असती. ती मुद्दाम वाचवलेली नाही. ‘कोण जाणार’ हे ठरवणारा कोड प्रोग्रॅमरचा असतो आणि तो चाळीस हजाराव्या वस्तूवर एक्सेप्शन देऊ शकतो. तोवर सरकवासरकव झालेली असती तर यादी अर्धवट अवस्थेत राहिली असती. खुणांची फेरी वेगळी असल्याने तसे घडले तरी यादीतील एकही वस्तू जागची हललेली नसते.